दुखतंय कुठं? : जबड्याच्या एका दुखण्याची नव्वद वर्षं

(सोलापुरात झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. माझ्या नावामागे 'डॉ.' आहे, पण तो तत्त्वज्ञानाचा आहे. पाटी वाचून रात्री-अपरात्री शेजाऱ्यांनी दार वाजवल्याचे प्रसंग माझ्यावर दोनदा आलेले आहेत आणि दोन्ही वेळा रिक्षा शोधून आणण्यापलीकडे मला काही करता आलेलं नाही. तेव्हा आज मी कुणाला औषध सांगणार नाही. मी इतिहास सांगणार आहे. एका दुखण्याचा, आणि त्या दुखण्यावर माणसांनी काय काय करून पाहिलं त्याचा.

दुखणं साधं वाटणारं आहे. कानापुढे, गालफडात, कानशिलात दुखतं. घास चावताना वाढतं, जांभई देताना कळ येते. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो. कधी कान दुखतोय असं वाटतं, कधी दाढ. क्ष-किरण काढावा तर त्यात काही नाही. आठवड्याने जाईल म्हणावं तर महिने जातात. वैद्यकात याला जबड्याच्या स्नायूंचं दीर्घकालीन दुखणं म्हणतात. सांधा आणि स्नायू मिळून जो मोठा गट होतो त्याचं इंग्रजी नाव टेम्पोरोमँडिब्युलर डिसऑर्डर, म्हणजे टीएमडी. हा शब्द एकदाच लक्षात ठेवा, पुढे मी 'जबड्याचं दुखणं' एवढंच म्हणेन.

तत्त्वज्ञानाच्या मास्तरला हे कशाला हवं? सांगतो. तिची परवानगी घेऊनच सांगतो. ती इथं तिसऱ्या रांगेत बसलेली आहे.

१९८६ सालची गोष्ट. माझ्या प्रबंधाचं काम शेवटाला आलं होतं. विषय होता मन आणि शरीर यांचा संबंध. त्याच वर्षी आमच्या घरात कडक भाकरी बंद झाली. आता सोलापूरकरांना कडक भाकरी म्हणजे काय हे सांगायला नको, पण हे व्याख्यान बाहेरगावचे लोकही ऐकतात म्हणून सांगतो: ज्वारीची पातळ, खरपूस, पापडासारखी वाळवलेली भाकरी. महिनाभर टिकते, मोडली की कट्‌कन आवाज येतो. शेंगाची चटणी आणि दही असलं की दुसरं काही लागत नाही. हिने ती खायचं सोडलं. आधी मला कळलंच नाही. मग ती म्हणाली, "उजवीकडं कानाखाली दुखतंय."

कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ असल्याचं सांगितलं. दातांच्या एका डॉक्टरांनी दाढ काढली. दुखणं राहिलं. दुसऱ्या डॉक्टरांनी शेजारची दाढ काढली. दुखणं तरीही राहिलं. तिसऱ्यांनी सगळे कागद बघितले, हिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सर, हे मनाचं आहे." आणि मी, मन आणि शरीर यांवर चारशे पानं लिहिणारा माणूस, मान डोलावली. रस्त्यात ती मला एवढंच म्हणाली, "मनाचं असेल तर मग तोंड का उघडत नाही?"

या प्रश्नाचं उत्तर त्या वेळी माझ्या चारशे पानांत नव्हतं. पुढं निवृत्तीनंतर वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की दुनियाभरच्या डॉक्टरांनी याच रस्त्याने प्रवास केला होता: आधी दात, मग सांधा, मग स्नायू, मग मन आणि शेवटी चेतासंस्था. आमच्या घरात दोन वर्षांत जे झालं, तेच वैद्यकाच्या इतिहासात नव्वद वर्षांत झालं.

जे दिसतं त्याचा इलाज जुना आहे

जबडा निखळणं माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये निखळलेला जबडा अंगठे आत घालून जागेवर कसा बसवायचा हे सांगितलंय. हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांत ते आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा अध्याय आहे, त्यात जबड्याचा सांधा शेक देऊन नीट बसवावा आणि पंचांगी बंध बांधावा असं येतं. चरकाने 'हनुग्रह' म्हणजे जबडा धरणं हे वातव्याधींत घातलं.

गंमत बघा. जबडा निखळला की तो दिसतो. चेहरा वाकडा होतो, तोंड मिटत नाही. त्यामुळे हजारो वर्षांपूर्वीचा इलाज आजही साधारण तसाच आहे. जे दिसत नाही, नुसतं दुखतं, तिथं मात्र माणूस दिसणारं काहीतरी शोधायला लागतो. आणि तोंडात सगळ्यात आधी दिसतात ते दात.

दातांचं राज्य

१९३४ साली अमेरिकेत सेंट लुईस इथल्या जेम्स कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी एक लेख लिहिला. रुग्ण किती? अकरा. कान दुखणं, कानात आवाज, डोकेदुखी, सायनससारख्या तक्रारी. कॉस्टेन यांचं म्हणणं असं, की मागच्या दाढा पडल्या की तोंड जास्त मिटतं, जबड्याचं टोक मागे सरकतं, ते तिथल्या नसेवर आणि कानाच्या नळीवर दाबतं, म्हणून हे होतं. इलाज? दातांची उंची वाढवा.

चित्र इतकं स्वच्छ होतं की लोकांना पटलंच. 'कॉस्टेन सिंड्रोम' हे नाव पडलं आणि दंतवैद्यांनी चाव्याची उंची वाढवायला सुरुवात केली. १९४८ साली हॅरी सिचर या शरीररचनेच्या अभ्यासकाने दाखवून दिलं, की कॉस्टेन म्हणतात तसा दाब शरीररचनेत बसतच नाही. कारण कोसळलं, पण उपचार चालूच राहिला. मंडळी, इतिहासात हे फार वेळा दिसतं. सिद्धान्त मरतो आणि त्याच्यावर उभं राहिलेलं दुकान चालू राहतं. पुढची कित्येक दशकं चावा 'बरोबर' करण्यासाठी चांगले दात घासले गेले. घासलेला दात परत उगवत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिला आपण पुढे परत येणार आहोत.

स्नायूंकडे लक्ष गेलं

१९३८ साली लंडनमध्ये जोनास केल्ग्रेन या तरुण डॉक्टरने एक धाडसी प्रयोग केला. स्नायूंमध्ये मिठाचं तीव्र पाणी सुईने टोचायचं आणि दुखतं कुठं ते विचारायचं. त्यात दिसलं, की स्नायूतली वेदना बऱ्याचदा टोचलेल्या जागेपासून लांब जाणवते. म्हणजे 'इथं दुखतंय' म्हणून रुग्ण जिथं बोट ठेवतो, बिघाड तिथंच असेल असं नाही. हिच्या काढलेल्या दोन दाढांचा मला इथं पहिल्यांदा उलगडा झाला. दाढेचा काही गुन्हा नव्हता. गुन्हा घडला दुसऱ्या गल्लीत, पकडलं भलत्यालाच.

१९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लास्लो श्वार्ट्झ यांनी सांगायला सुरुवात केली की बरेचसे रुग्ण हे सांध्याचे नाहीतच, चावण्याच्या स्नायूंचे आहेत. १९६९ साली शिकागोच्या डॅनियल लास्किन यांनी ते पुढं नेलं. त्यांची मांडणी अशी: ताणाखाली माणूस दात आवळतो, स्नायू थकतो, थकलेला स्नायू आखडतो, आखडला की दुखतो.

आपल्या भाषेला हे आधीच माहीत होतं. राग आला की माणूस दात-ओठ खातो. झोपेत पोरगं दात खायला लागलं की आजी म्हणायची, जंत झालेत. जंतांचं बाजूला ठेवा, पण दात आवळणं ही नुसती दातांची गोष्ट नाही हे आजीला कळत होतं. एरवी आपले वरचे-खालचे दात दिवसातला बहुतेक वेळ एकमेकांना लागतच नाहीत. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल: ही जबड्याची विश्रांतीची बैठक. आत्ता इथं बसल्या बसल्या बघा. तुमच्यापैकी कितीजणांचे दात आवळलेले आहेत? (हशा) व्याख्यान कंटाळवाणं असल्याची ही खूण नसावी अशी आशा करतो.

खोटा उपचार आणि खरा आराम

आता या इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रसंग. १९७६ साली गुडमन, ग्रीन आणि लास्किन यांनी २५ रुग्णांवर दात घासून चावा सुधारण्याचं नाटक केलं. यंत्र चालवलं, आवाज झाला, पण वरचे-खालचे दात जिथं टेकतात त्या पृष्ठभागांना धक्का लावला नाही. २५ पैकी १६ जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गेलं. शंभरात चौसष्ट!

यातून दोन निष्कर्ष निघू शकतात. एक चूक, एक बरोबर. चूक निष्कर्ष असा: बघा, नाटकानं बरं झालं, म्हणजे दुखणंच नाटक होतं. बरोबर निष्कर्ष असा: खरे दात घासून जो आराम मिळतो असं आपण समजत होतो, त्यातला बराचसा आराम दात न घासताही मिळतो, तर मग दात कशाला घासायचे?

पहिला निष्कर्ष चूक का, हे दोनच वर्षांनी दिसलं. १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर केलेला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. खोट्या औषधाने ज्यांना आराम पडत होता, त्यांना नॅलोक्सोन दिलं. नॅलोक्सोन म्हणजे अफूच्या जातीच्या द्रव्यांचा परिणाम अडवणारं औषध. ते दिल्यावर दुखणं वाढलं. याचा अर्थ, विश्वासाने मिळालेला आराम हासुद्धा शरीरातूनच येतो. मेंदू स्वतःचीच अफू तयार करतो. धीर देणारा डॉक्टर रुग्णाला फसवत नसतो. तो त्याच्या शरीरातली एक खरी यंत्रणा चालू करत असतो.

मग उलटंही खरं असणार ना? 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं तुसडेपणाने सांगणारा डॉक्टर, आणि मान डोलावणारा नवरा, हेही त्याच शरीरावर काहीतरी करतच असणार.

जे परत घेता येत नाही

१९८०च्या दशकात अमेरिकेत सांध्यातली चकती काढून तिथं टेफ्लॉनचा लेप असलेली कृत्रिम चकती बसवायची लाट आली. १९८३पासून ती बाजारात होती. चावताना ती झिजली, तिचे कण आजूबाजूला पसरले, शरीराने त्यांच्याशी झगडताना हाडच खाल्लं. कित्येकांचं दुखणं आधीपेक्षा वाईट झालं. १९९० साली अमेरिकी औषध प्रशासनाला धोक्याचा इशारा द्यावा लागला.

त्या धक्क्यानंतर १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली आणि तिचा सूर स्पष्ट होता: आधी असे उपचार करा जे मागे घेता येतात. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला हे नीतिशास्त्रातलं सूत्र वाटतं. आपलं ज्ञान अपुरं आहे, हे मान्य केलं की त्यातून एक कर्तव्य निघतं: आपली चूक निघाली तर ती सुधारता येईल अशाच पद्धतीने वागायचं. व्यायाम चुकला तर थांबवता येतो. काढलेली दाढ परत बसत नाही.

वेदना म्हणजे जाणणं

आता हिच्या प्रश्नाकडे येऊ. दात नाही, सांधा नाही, मग इतकं दुखतं का, आणि इतके दिवस का?

देकार्तचं 'माणूस' या विषयावरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं, १६६४ साली फ्रेंचमध्ये. त्यात एक चित्र आहे. एका मुलाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक धागा गेलाय. देकार्त म्हणतो, दोरी ओढली की घंटा वाजते तसं हे. जेवढी ओढ तेवढा आवाज. आपण सगळे आजही मनातल्या मनात याच चित्राने विचार करतो. म्हणून क्ष-किरणात काही दिसलं नाही की म्हणतो, दोरी कुणी ओढलेली नाही, म्हणजे घंटा वाजत नाहीये, तुम्हाला भास होतोय.

१९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी दाखवलं, की वाटेत दारं आहेत. संदेश वर जाताना मज्जारज्जूत अडवला जातो किंवा सोडला जातो, आणि वरून मेंदूही त्या दारावर हुकूम चालवतो. १९८३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगात आणखी पुढची गोष्ट पाहिली. जखम झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशी जास्त चिडखोर होतात, आणि नंतर जखमेची जागा बधिर केली तरी तो चिडखोरपणा लगेच जात नाही. म्हणजे दोरी सोडली तरी घंटा वाजत राहते, कारण आता घंटाच बदललेली आहे. याला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. मराठीत मी त्याला 'वाढलेली वेदनाक्षमता' म्हणतो.

याचे दोन परिणाम होतात. जे थोडं दुखायचं ते फार दुखतं. आणि जे दुखायलाच नको, म्हणजे गालावरून फिरलेला हात, उशीचा दाब, तेही दुखतं. जबड्याच्या नसा मेंदूच्या बुंध्यात जिथं पोचतात, तिथंच मानेच्या वरच्या भागातल्या नसाही येऊन मिळतात. म्हणून जबडा, कानशील आणि मान यांची दुखणी एकमेकांच्या घरात ये-जा करतात.

१९९५ साली विल्यम मॅक्सनर आणि सहकाऱ्यांनी जबड्याच्या रुग्णांच्या हातावर तपासण्या केल्या. हातावर! उष्णता आणि रक्तप्रवाह अडवून होणारी कळ, दोन्ही या रुग्णांना निरोगी लोकांपेक्षा लवकर असह्य झाली. बिघाड फक्त जबड्यात असता तर हाताला काय कळायचं होतं? पुढं याच मॅक्सनर यांच्या पुढाकाराने 'ओपेरा' नावाचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला. जबडा न दुखणाऱ्या हजारो लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आणि दुखणं कुणाला सुरू होतं ते पाहिलं. वर्षाला शंभरात साधारण चौघांना. आधीपासून अंगात इतर दुखणी आणि तक्रारी असणारे, झोप बिघडलेले, यांना धोका जास्त. आणखी एक निरीक्षण: नव्याने दुखणं सुरू होण्यात बायका-पुरुषांत फार मोठा फरक नव्हता. रेंगाळत राहिलेलं दुखणं मात्र बायकांत पुष्कळ जास्त आढळतं. का, याचं एकच एक उत्तर नाही. पण कुणाचं दुखणं लवकर ऐकलं जातं आणि कुणाचं उशिरा, हा प्रश्न त्यात धरायला हवा असं मला वाटतं.

इथं एका शब्दाकडे बघू. आपल्या गावात चार भाषा नांदतात. कानडीत नोवु, तेलुगूत नोप्पी, उर्दूत दर्द आणि मराठीत वेदना. 'वेदना' हा शब्द 'विद्' धातूवरून आला, विद् म्हणजे जाणणं. बौद्ध विचारात वेदना सुखाचीही असते, दुःखाचीही आणि दोन्ही नसलेलीही. आपण मराठीत ती फक्त दुःखापुरती ठेवली, पण मूळ अर्थ विसरायला नको. वेदना म्हणजे इजा नव्हे, इजेचं मोजमापही नव्हे. वेदना हे एक जाणणं आहे आणि ते ज्याचं त्यालाच असतं. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत टीप जोडली की 'मला दुखतंय' या माणसाच्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे. तिथवर यायला शास्त्राला फार वेळ लागला.

म्हणून "मनाचं आहे की शरीराचं?" हा प्रश्नच चुकलेला होता. आणि तो मी चारशे पानं विचारत होतो.

मग कशानं बरं वाटतं?

१९९२ साली ड्वर्किन आणि लेरेश यांनी या दुखण्याच्या निदानाची पद्धत बसवली, तिची सुधारित आवृत्ती २०१४ साली आली. तिला दोन अक्ष आहेत. पहिल्यावर जबडा: कुठला स्नायू, कुठला सांधा. दुसऱ्यावर माणूस: झोप, चिंता, कामात येणारी अडचण. दोन्ही तपासायचे, एकाने दुसरा पुसायचा नाही.

उपचारांची तुलना करणारा मोठा हिशेब डिसेंबर २०२३मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मार्गदर्शक सूचनांच्या रूपात आला. त्यामागच्या विश्लेषणात १५३ चाचण्या, ८,७१३ रुग्ण आणि ५९ उपचार किंवा उपचारांच्या जोड्या होत्या. ती यादी मी पाटीवर लिहितो तशी तीन रकान्यांत सांगतो.

पहिला रकाना, जोरदार शिफारस. विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत, म्हणजे सीबीटी, सोबत शिथिलीकरण किंवा बायोफीडबॅक असो वा नसो. प्रशिक्षित माणसाच्या हाताने जबड्याची हालचाल करून घेणं. स्नायूतल्या दुखऱ्या गाठींवर हाताने दाब. देखरेखीखाली जबड्याचे आणि बसण्या-उभं राहण्याच्या ठेवणीचे व्यायाम. आणि ज्याला आपण काहीच नाही म्हणतो ते: नीट समजावून सांगणं, धीर देणं, घरी करायचे व्यायाम शिकवणं.

दुसरा रकाना, शक्यतो नको. यात दातांवर बसवायची काढती-घालती प्लेट आहे, बोटॉक्सची सुई आहे, लेसर आहे, विजेचा मंद झटका देणारं यंत्र आहे, गॅबापेंटिन आहे, झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या आहेत. 'शक्यतो नको' म्हणजे बंदी नव्हे. पुरावा कमजोर आहे, फायदा-तोट्याचं पारडं बहुतेकांसाठी फायद्याकडे झुकत नाही, एवढंच.

तिसरा रकाना, नकोच. दात किंवा चावा कायमचा बदलून टाकणारी साधनं, सांध्यातली चकती काढण्याची शस्त्रक्रिया, आणि नेहमीच्या वेदनाशामकांना अफूजन्य औषधांची जोड.

यादीकडे पुन्हा बघा. पहिल्या रकान्यात जवळजवळ विकत घ्यायचं काही नाही. हात आहे, वेळ आहे, शब्द आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात वस्तू आहेत. वस्तूचं बिल होतं. 'अर्धा तास बसून समजावलं' याचं बिल करायची आपल्याकडे रीत नाही. म्हणून आपल्या शहरात दिवसभर मान खाली घालून विड्या वळणारी बाई जबडा दुखतो म्हणून गेली, तर तिला गोळी सहज मिळेल, कदाचित दाढही काढून मिळेल. पण सुटे दात, सैल जीभ, ओला गरम शेक, दोन आठवडे मऊ खाणं, मोठी जांभई हाताने आवरणं, आणि "बाई, तुम्हाला खरंच दुखतंय, पण तुमचा जबडा सडलेला नाही" हे वाक्य, एवढं तिला कोण देणार? स्वस्त उपचार गरिबापर्यंत आधी पोचतो हा समज चूक आहे. जो उपचार वेळ मागतो तो गरिबापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतो.

एक गोष्ट बजावून सांगतो. हे सगळं निदान झाल्यावरचं बोलतोय. आपल्या भागात तोंड उघडत नाही याचं दुसरं मोठं कारण सुपारी आणि गुटखा आहे. १९५३ साली मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातल्या रुग्णांत त्याचं वर्णन केलं. त्याला आज ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. गालाची आतली कातडी पांढरट, ताठ होते, तिखट झोंबतं, तीन बोटं तोंडात मावेनाशी होतात, आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे. ती किती पाळली जाते हे तुम्ही पानटपरीवर बघताच. याशिवाय, चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखून थांबल्यावर जात असेल तर ते हृदयाचं असू शकतं. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागलं, चावताना जबडा भरून येतो आणि नजर अंधुक होते असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि जखमेनंतर दातखीळ बसू लागली तर धनुर्वात समजून धावत जा. अशा वेळी व्याख्यानातला उपाय चालत नाही.

शेवटी घरी

हिचं पुढं काय झालं? दोन दाढा गेल्या, त्या गेल्याच. दुखणं कमी-जास्त होत वर्षानुवर्षं राहिलं. पुष्कळ वर्षांनी मानेसाठी म्हणून ती एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेली. त्या मुलीने मान तपासता तपासता गालावर बोट टेकवलं, ही दचकली. मुलगी म्हणाली, "मावशी, इथं किती दुखतंय! इतके दिवस कशा राहिलात?" ही तिथंच रडली. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो. त्या एका वाक्यात तपासणी होती आणि उपचाराची सुरुवातही होती. मग व्यायाम, शेक, झोपेची शिस्त. चार-सहा महिन्यांत बराच फरक पडला. पूर्ण गेलं का? नाही. थंडीत, काळजीच्या दिवसांत डोकं वर काढतं. पण आता ते तिला घाबरवत नाही.

मी तिची माफी मागितली का, असं मला कुणीतरी विचारेल. मागितली, बऱ्याच उशिरा. ती म्हणाली, "तुम्ही पुस्तकात शोधत होता. मला विचारायचं होतं."

मागे श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: "माझ्याकडे रात्रीची प्लेट आहे, फेकून देऊ का?" नका फेकू. रात्री दात खाऊन दात झिजत असतील तर ते वाचवायला ती उपयोगी पडू शकते, तो वेगळा प्रश्न आहे. दुखण्यासाठी ती एकटी पुरेल असं समजू नका, आणि ज्यांनी दिली त्यांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका. मी मघाशी सांगितलंच, माझी पदवी रिक्षा शोधून आणण्यापुरतीच आहे.

तुमच्या घरात कुणी "दुखतंय" म्हणालं, तर पुरावा मागण्याआधी "कुठं?" एवढं विचारा. आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. आज संध्याकाळी आमच्याकडे कडक भाकरी आहे. ती आमटीत भिजवून खाते, मी कोरडी खातो.